अद्भुत कादंबरी, पलंगाखालचे गठ्ठे आणि पहाटेचे दोन तास

पहाटपाळी (जुळे सोलापूर) – प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली नऊ वर्षे मी अद्भुत कथा-कादंबरी लिहीत आहे. दिवसा एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब पाहते, त्यामुळे लेखनासाठी पहाटे पाच ते सात एवढेच दोन तास हाती उरतात, आणि नळाला पाणी सुटण्याच्या दिवशी तेही उरत नाहीत. अडीच वर्षांपूर्वी पहिली कादंबरी छापून आली. डेमी आकाराची ३२० पाने, म्हणजे सोळा पानी २० फॉर्म. किंमत ४०० रुपये, प्रती ५००. छपाईचे ६५,००० रुपये मी बचतीतून भरले. आजपर्यंत १८८ प्रती खपल्या. उरलेले गठ्ठे ज्या पलंगाखाली आहेत त्या पलंगावर सासूबाई झोपतात आणि आल्यागेल्याला ‘आमच्या सूनबाईंचं साहित्य’ म्हणून वाकून दाखवतात.

पुस्तकात एक चूक अशी झाली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी संहिता युनिकोडमध्ये होती. प्रकाशकांकडे ती जुन्या फॉण्टमध्ये बदलताना ‘ऱ्य’ बिघडला आणि जेथे जेथे ‘दऱ्या’ होते तेथे तेथे ‘दर्या’ छापले गेले. शेवटचे प्रूफ मला दाखवलेच नाही. माझी नायिका सात दऱ्या पायी ओलांडते; छापील पुस्तकात ती सात दर्या ओलांडते, तेही पायीच, आणि मधल्या मुक्कामाला दर्याच्या तळाशी शेळ्या चरताना दिसतात. एका वाचकाने आवर्जून कळवले की समुद्रावरून चालण्याची कल्पना त्यांना विलक्षण वाटली. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला अद्याप सुचलेले नाही.

आता दुसऱ्या कादंबरीचा दोन-तृतीयांश भाग झाला आहे आणि मी तीन ठिकाणी अडले आहे.

पहिली अडचण ओळखीची आहे. ‘अद्भुत’ म्हटले की समोरचा विचारतो, “लहान मुलांसाठी का?” माझ्या या दुसऱ्या कादंबरीत उन्हाळ्यात सावली मापाने विकली जाते, ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने स्वतःची सावली गहाण ठेवायची असते, आणि एक विधवा बाई नवऱ्याची गहाण पडलेली सावली सोडवायला निघते. यात मुलांना रमण्यासारखे फारसे काही नाही. पण ‘मोठ्यांसाठी’ म्हणावे, तर लोक दुसरेच काही समजतात.

दुसरी अडचण प्रचाराची. सगळे सांगतात की रोज काहीतरी टाकत राहा, चेहरा दाखवा, रील करा. मागच्या वर्षी सहा महिने मी ते केले आणि त्या सहा महिन्यांत कादंबरीची अकरा पाने लिहून झाली. पहाटेचे दोन तास एक तर पुस्तकाला मिळतात, नाही तर पुस्तकाच्या जाहिरातीला. आपण ही वाटणी कशी करता?

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लहानपणापासून दर जानेवारीत मी सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा पाहत आले आहे. संमती कट्ट्यावरच्या अक्षता, बाराबंदी घातलेली माणसे, कमरेच्या पट्ट्यावर पेललेले ते सात उंच नंदीध्वज. आणि सिद्धरामेश्वरांशी विवाह करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येची कथा, जिला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. ती कुंभारकन्या मला दुसऱ्या पुस्तकात हवी आहे. पण ही कथा आजही जिवंत उपासना आहे, तिचे मानकरी आहेत, भाविक आहेत. जिवंत श्रद्धेतून कादंबरीसाठी किती घ्यावे, आणि कोठे हात आखडता घ्यावा?

धोटा (भद्रावती पेठ)

ताई, आपला तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्या दोहोंचा गुंता थोडा सैल होतो, असा माझा अनुभव आहे. माझी तीन पुस्तके झाली आहेत. तिन्ही अद्भुत, तिन्ही अल्प खपाची.

सुरुवातीला मीही चुकीच्या दारात उभा होतो. पहिल्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात बर्फ होते, देवदाराची अरण्ये होती, अग्नी ओकणारा सर्प होता आणि तोंडात न मावणारी पात्रांची नावे होती. बर्फ मी शीतकपाटाबाहेर कधी पाहिलेले नव्हते. आई विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू. ती वळत असताना मी तिला प्रकरणे तेलुगूत सांगत असे, कारण आमच्या घरची भाषा ती. तिसऱ्या प्रकरणात तिने हात न थांबवता विचारले, “एवढा बर्फ आहे, तर तिथली माणसं खातात काय? पिकतं काय तिथं?” मला उत्तर देता आले नाही. मी ज्या जगाचा राजा ठरवला होता, वंशावळ ठरवली होती, त्या जगातली ज्वारी कोणी पेरली हे मला ठाऊक नव्हते. तो खर्डा मी बाजूला ठेवला.

नंतर जे सुचले ते घरातच होते. वडील जॅकार्डच्या मागावर चादरी विणत. ज्यांनी हा माग जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. पत्त्यावर जेथे छिद्र असते तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. जेथे छिद्र नसते तेथला धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा वाहून नेणारा धोटा धावतो आणि बाण्याची, म्हणजे त्या आडव्या धाग्याची, एक ओळ पडते. पुढचा पत्ता, पुढची ओळ. लहानपणी मी कारखान्यात डबा घेऊन जात असे, तेव्हा एकदा एका पत्त्यावर चुकून एक छिद्र जास्तीचे पडले होते. चादरीवरच्या मोराच्या मानेत एक पांढरा ठिपका आला, आणि त्यापुढे विणलेल्या प्रत्येक मोराच्या मानेत, त्याच जागी, तोच ठिपका येत राहिला. कोणाच्याही ते लगेच ध्यानात आले नाही. वडिलांच्या मजुरीतून पैसे कापले गेले. माझ्या पहिल्या कादंबरीतले सगळे जादूचे शास्त्र त्या ठिपक्यातून आले आहे: एका नगरात प्रत्येक माणसाचे आयुष्य पत्त्यांच्या माळेवर आहे, आणि दुसऱ्याच्या पत्त्यावर जो छिद्र पाडील त्याच्या स्वतःच्या माळेतला एक पत्ता गळून पडतो. जादूची किंमत कोण भरतो हे ठरले, की मग वाचक सर्पावरही विश्वास ठेवतो.

आता कुंभारकन्या. माझे मत असे आहे की आपण तिचे नाव, तिचा विधी आणि तिचे मानकरी जसेच्या तसे उचलू नयेत. वाद होईल या भीतीने मी हे म्हणत नाही. तो विधी आपल्या कादंबरीपेक्षा फार मोठा आहे आणि तो आपल्या पानावर आला की आपले पान लहान दिसेल, म्हणून म्हणतो. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे वचनकार, म्हणजे कन्नडमध्ये वचने रचणारे संतकवी होते, बसवण्णा-अल्लमप्रभूंच्या काळातले. तळे बांधणारे, लोकांना कामाला लावणारे. त्यांच्या भोवती साडेआठशे वर्षांत या गावाने जे विणले आहे ते एका पात्रात मावत नाही. पण त्या कथेत एक पेच आहे, आणि तो पेच कोणाच्या मालकीचा नाही. एक मुलगी मागते ते तिला नाकारलेही जात नाही आणि दिलेही जात नाही. माणसाच्या जागी त्याची काठी मिळते. आपली विधवा बाई नवऱ्याच्या जागी त्याची सावली सोडवायला निघाली आहे. ताई, आपण कुंभारकन्येला आधीच पुस्तकात आणून बसवले आहे. फक्त तिला ओळख दिलेली नाही. ती न दिलेलीच बरी.

प्रेरणा कोठून घ्यावी याविषयी आणखी एक. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तेथील मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी लेख आहे. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातल्या अखेरच्या ओळीचा अर्थ असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. मी पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा उन्हाने दगड तापला होता आणि अक्षरांवर बोट ठेवता येत नव्हते. पण मनात एवढेच आले की हा मंत्र म्हणणाऱ्याला फळ देत नाही, वाचणाऱ्याला देतो. माझ्या तिसऱ्या पुस्तकातला शाप याच ओळीचा उलटा आहे. अशा ओळींवर कोणाचा रोष होत नाही, कारण ती ओळ आधीच सर्वांना उद्देशून कोरलेली आहे.

नावांविषयी: परकी वाटणारी नावे घडवण्याचा मोह आवरावा. आपल्याच गावात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करत राहिले, आणि जेथे शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. हे शब्द ऐकताच ती जागा डोळ्यांपुढे येते आणि शब्द नवा आहे हे ध्यानातही येत नाही. अद्भुत लिहिणाऱ्याने नवी नावे करावीत ती अशी. मी माझ्या नगराच्या दरवाजांची नावे मागाच्या भागांवरून ठेवली: फणीदरवाजा, कांडीदरवाजा. बाहेरगावच्या वाचकाला ती काल्पनिक वाटतात. आमच्या पेठेतला वाचक हसतो. दोघेही पुढे वाचतात.

प्रचाराविषयी मला सांगण्यासारखे थोडेच आहे. पहाटेच्या वेळेत मी फोनला हात लावत नाही. प्रचाराचे जे काही करायचे ते रविवारी दुपारी, जेवणानंतर, तासभर. एवढ्यावर प्रती कमी खपतात, हे मान्य. मात्र कथासरित्सागरातली गुणाढ्याची गोष्ट आठवा. पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेले सात लाख श्लोक त्याने सातवाहन राजाकडे पाठवले आणि राजाने ते नाकारले. मग गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान मोठ्याने वाचू लागला आणि वाचून झालेले पान अग्नीत टाकू लागला. रानातली जनावरे चरणे सोडून ऐकत बसली, रोडावली, आणि राजाच्या ताटातले मांस कोरडे पडू लागले. चौकशी झाली ती मुदपाकखान्यातून. राजा धावत आला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. प्रकाशकाच्या नकाराने खचणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो, मात्र पाने जाळण्याचा भाग वगळून. गुणाढ्याने केले एवढेच की तो जे कोणी समोर होते त्यांना मोठ्याने वाचून दाखवत राहिला.

दाखलनोंद

मी सार्वजनिक ग्रंथालयात चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे मूळ आमच्या कपाटांत आहे, म्हणून लिहितो.

ग्रंथालयात पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो आणि मग त्याचे घर ठरते. दशांश वर्गीकरणात मराठी कथात्मक साहित्याला ८९१.४६३ हा अंक आहे. त्यात सामाजिक, ऐतिहासिक, अद्भुत, सगळे एकाच छपराखाली. पण छोट्या ग्रंथालयांत बहुतेक वेळा घरगुती विभागणी चालते: कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, बाल. मुखपृष्ठावर उडणारा घोडा दिसला की कर्मचारी ते पुस्तक ‘बाल’मध्ये लावतो, आणि एकदा तेथे गेले की मोठ्या वाचकाच्या हाती ते कधीच लागत नाही. आपण आपले पुस्तक कोणत्या ग्रंथालयात कोठे लागले आहे हे पाहिले आहे काय? नसेल तर दोन-चार ठिकाणी जाऊन पाहावे आणि ग्रंथपालांशी सौजन्याने बोलावे. पुढच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर पहिल्याच ओळीत विधवा बाई आणि गहाण पडलेली सावली यावी; ‘अद्भुतरम्य’ हा शब्द तिसऱ्या ओळीत आला तरी चालेल.

वास्तविक हा प्रकार मराठीत उपरा नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ची. म्हणजे मराठी कादंबरी चालायला लागली ती जवळजवळ अद्भुताचेच बोट धरून, आणि ती वाचणारी माणसे प्रौढ होती. नंतर समीक्षकांनी या सगळ्याला बाळबोध ठरवले आणि आम्ही ग्रंथपालांनी ते मुकाट्याने खालच्या फळीवर ठेवले.

व्यवहाराच्या काही गोष्टी. महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. त्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि खरेदीची ताकद वर्गाप्रमाणे बदलते. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाकडे ४०० रुपयांचे पुस्तक घेऊन गेलात तर ग्रंथपाल मनातल्या मनात दोन पुस्तकांची किंमत मोजतो. अशा ठिकाणी पुस्तक विकण्यापेक्षा सभासदाकडून मागणी येईल असे करावे. आमच्याकडे मागणीची वही होती. तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत एकच नाव आले की मी ते पुस्तक यादीत घालत असे. एकाच हस्ताक्षरात तीन नावे आली की लेखकाचे नातलग येऊन गेले, हे कळत असे.

पुढचे पुस्तक स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखीचा, क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पुष्कळ हौशी लेखक-प्रकाशक हे करत नाहीत. मी म्हणतो, करावे. पलंगाखालच्या गठ्ठ्याला वाळवी लागली तरी चार प्रती चार शहरांत राहतील.

आणि ‘दर्या’साठी शुद्धिपत्र छापून प्रत्येक शिल्लक प्रतीत चिकटवा. ते खर्चाचे काम नाही. शुद्धिपत्र असलेल्या पुस्तकाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

चाळीस सेकंद

धोटा सरांचा मान ठेवूनही त्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी माझे मतभेद आहेत. आठवड्यातून एक तास दिला की प्रचाराचे कर्तव्य संपले, ही भूमिका ज्यांची तीन पुस्तके झाली आहेत त्यांना परवडते. मी रहस्य आणि भयकथा लिहितो, वय एकोणतीस, आणि माझे निम्म्याहून अधिक वाचक मला फोनवरच भेटले. ताईंनी सहा महिने जे केले ते का फसले असेल, याचा अंदाज मी करू शकतो, कारण मीही आधी तेच केले: मुखपृष्ठाचे छायाचित्र, ‘आजच मागवा’, मान्यवरांसोबतचा फोटो, पुन्हा मुखपृष्ठ. त्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.

मग मी एका रविवारी बसून पुस्तकातले बारा उतारे निवडले, प्रत्येक सुमारे चाळीस सेकंदांचा, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ते एका दुपारी वाचून ध्वनिमुद्रित केले. चेहरा दाखवला नाही. आवाज सोलापुरी, मागे कुठेतरी यंत्रमागाची खडखड. ती काढून टाकावी असे आधी वाटले, पण लोकांना तीच आवडली. उतारा ऐन मोक्यावर तोडायचा आणि पुस्तकाचे नाव शेवटी एकदाच घ्यायचे. दर आठवड्याला एक, म्हणजे तीन महिन्यांची बेगमी एका दुपारीत झाली. पहाटेचा एक मिनिटही गेला नाही. गुणाढ्याने तरी दुसरे काय केले? फक्त मी पाने जाळली नाहीत.

पैशाचेही बोललेले बरे. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर ४०० रुपयांच्या पुस्तकाचे आपल्या हाती २४० येतात, आणि आपला छपाईचा खर्चच प्रतीमागे १३० आहे. थेट वाचकाला पाठवले तर सूट कमी देता येते, पण पाकीट, चिकटपट्टी आणि टपाल आले. मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू झाली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर आहेत. आपले पुस्तक त्यात बसते का हे मात्र खिडकीवर आधी विचारून घ्यावे. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ५०० प्रती छापू नका. मागणीप्रमाणे छपाईत प्रतीमागे खर्च वाढतो, पण सासूबाईंचा पलंग मोकळा राहतो.

पहाटपाळी (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण दाखलनोंद सरांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी ग्रंथालये पाहून आले. चार ठिकाणी पुस्तक होते. दोन ठिकाणी ते ‘बाल’ विभागात होते, त्यांपैकी एका प्रतीच्या शेवटच्या पानावर एका मुलाने पेन्सिलीने लिहिले होते, “यात राक्षस नाही.” तक्रार रास्त आहे. ग्रंथपाल बाईंनी माझ्यासमोर पुस्तक उचलून कादंबऱ्यांत ठेवले आणि नोंदवहीत दुरुस्ती केली.

शुद्धिपत्रे छापून आणली आहेत. ३१२ प्रतींत ती चिकटवण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे, त्या दुपारी खळ लावत बसतात आणि मधूनच एखादे पान वाचून, “ही बाई माहेरी का जात नाही?” असे विचारतात. चाळीस सेकंदांचे सात उतारे मी निवडले आहेत. माझ्या आवाजाची मला लाज वाटते, पण प्रयत्न करीन. समुद्रावरून चालण्याची कल्पना आवडलेल्या त्या वाचकांनाही अखेर खरे लिहून कळवले. त्यांचे उत्तर आले की शुद्धिपत्र पाठवू नये, त्यांची प्रत आहे तशीच बरी आहे.

धोटा सर, आपले म्हणणे पटायला मला आठ दिवस लागले. मग मी कुंभारकन्येची तीन प्रकरणे बाजूला काढून ठेवली, फाडली नाहीत. मात्र एक गोष्ट सुटत नाही. यात्रेतल्या होमाच्या रात्री, कुंभारकन्येचे प्रतीक अग्नीला दिल्यानंतर, वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, चारा, गूळ असे पुष्कळ काही ठेवतात आणि ते कशाला तोंड लावते, कशाकडे पाठ फिरवते, बिचकते का, यावरून पाऊस कसा होईल, काय महाग होईल, काय स्वस्त, हे सांगतात. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी पेढ्यांवर, भाजी बाजारात, रिक्षात त्याचीच चर्चा असते. माझ्या नगरात सावलीचा भाव वर्षातून एकदा ठरतो, आणि तो कोणी ठरवायचा हे मला नऊ वर्षांत सुचलेले नाही. ते वासरू मी घेऊ शकते का? की तेही त्या विधीचाच भाग म्हणून सोडून द्यावे?

धोटा (भद्रावती पेठ)

ताई, जनावरांकडून पाऊसपाण्याचा आणि भावाचा अंदाज घेणे हे केवळ आपल्या यात्रेपुरते नाही. शेती करणाऱ्या गावांत त्याच्या कितीतरी तऱ्हा आहेत. त्यामुळे येथे मी आपल्याला अडवणार नाही. जागा, दिवस आणि माणसे बदला, वासराच्या ऐवजी दुसरे जनावरही चालेल, शेळीचे करडू म्हणा. आपल्या दऱ्यांच्या तळाशी शेळ्या आधीपासून चरतच आहेत.

एक मात्र लिहिताना पाहा. मोठी माणसे त्या रात्री भाव, पाऊस, राजकारण असे सगळे त्या हालचालींत वाचत असतात, आणि गर्दीत पुढे उभे असलेले एखादे मूल मात्र फक्त वासराकडे पाहत असते. आपण वडिलांच्या खांद्यावरून काय पाहिले होते, ते आधी लिहून काढा. त्याला खरोखर भूक लागलेली असते, आणि ते प्रकरण त्याच्या भुकेपासून सुरू व्हावे असे मला वाटते.

चाळीस सेकंद यांनी जो मुद्दा मांडला आहे, त्यावर माझ्या मुलीने मला घरी पुरेसे सुनावले आहे. दोन उतारे ध्वनिमुद्रित झाले आहेत. मागची खडखड काढलेली नाही.

पहाटपाळी (जुळे सोलापूर)

करडूच घेते. त्याचे नाव काय ठेवावे यावर सासूबाई आणि माझे एकमत होत नाही. उद्या पाणी सुटणार आहे, त्यामुळे परवा पहाटे बसेन.